पंधरा हजारांचा खर्ज : गाडीसाठी सबवूफर कसा निवडावा



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा त्यांना वाटलं होतं, आम्ही ज्ञानमीमांसेवर बोलू. चाळीस वर्षं तेच बोललो, तेव्हा अपेक्षा रास्तच होती. पण गेले चार महिने आमच्या घरात ज्ञानमीमांसेचा एकच प्रश्न चालू आहे, आणि तो गाडीच्या डिकीतला आहे. म्हणून म्हटलं, त्यावरच बोलू. (हशा) हसा, हसा. शेवटी तुमच्यापैकी निम्मे जण हाच प्रश्न विचारायला मागे थांबणार आहेत.

झालं असं. आमच्या नातवाने नोकरी लागल्यावर सेकंडहँड हॅचबॅक घेतली आणि एके रविवारी म्हणाला, "आजोबा, सबवूफर बसवायचाय. पंधरा हजारांत." आमचा पहिला उद्गार इथे सांगण्यासारखा नव्हता. डोळ्यांसमोर काय आलं, तर काळ्या काचांची गाडी आणि गल्लीभर धाड्-धाड्. पण आमच्या सौभाग्यवती, ज्यांनी तीस वर्षं गाणं शिकवलं, त्या शांतपणे म्हणाल्या, "गाडीत तंबोऱ्याचा खर्ज कधीच ऐकू येत नाही. बसवू दे त्याला." मग एक अट घातली. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून वॉकर डिकीत असतो, तो तिथेच राहिला पाहिजे. म्हणजे पंधरा हजार रुपये, एक वॉकर आणि एक खर्ज, एवढ्यात बसवायचं होतं.

आधी खर्जाचं बघू. पुरुष गायक पांढरी एक, काळी एक या पट्टीत गातो असं धरा. काळी एकचा मधला षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. डग्ग्याचा घुमारा शंभराच्या आगेमागे आणि खाली. आता गाडीच्या दारात जे पाच-सहा इंची स्पीकर असतात, ते ऐंशीच्या खाली येता येता दमतात. पातळ पत्र्याच्या दारात ते बसवलेले, मागे धड बंद पेटी नाही, करणार काय बिचारे?

मग प्रश्न असा, की तरीही आपल्याला त्या गाडीत तंबोरा ऐकू येतो तो कसा? इथे मजा आहे. तंबोऱ्याच्या जवारीमुळे मूळ स्वरापेक्षा त्याचे वरचे स्वरांश जास्त उठून दिसतात. सर चंद्रशेखर रामन यांनी १९२०च्या सुमारास आपल्या तंतुवाद्यांवर आणि तालवाद्यांवर मुद्दाम काम केलं, ते याच वैशिष्ट्यांमुळे. १३८, २०७, २७६ अशी स्वरांशांची रांग कानावर पडली, की मेंदू हिशेब करतो, "यांच्या तळाशी ६९ असणार." प्रत्यक्षात ६९ हर्ट्झ हवेत नसला तरी तो 'ऐकू' येतो. आमच्या नैयायिकांना हे उदाहरण मिळालं असतं तर त्यांनी त्यावर एक ग्रंथ लिहिला असता. प्रत्यक्ष म्हणून जे वाटतं, त्यात अनुमान आधीच शिरलेलं असतं.

तर मग सबवूफर घेऊन आपण नेमकं काय विकत घेतो? स्वर ओळखण्यासाठी तो लागत नाही. त्या स्वराचं वजन, छातीला आणि पाठीला जाणवणारा भाग, तो लागतो. आणि गाडीत तर तो जास्तच लागतो, याचं कारण टायर. गाडी धावायला लागली की टायरचा आणि रस्त्याचा घरघराट खालच्याच कंपनसंख्यांमध्ये सगळ्यात मोठा असतो. त्याखाली खर्ज बुडतो. म्हणून दुकानापुढे उभ्या गाडीत डेमो ऐकून निर्णय घेऊ नका. उभ्या गाडीत जो सबवूफर 'अफाट' वाटतो तो कात्रजच्या पुढे नुसता बरा वाटतो, आणि उभ्या गाडीत जो नेमका वाटतो तो तिथे ऐकूच येत नाही. ओळखीच्या कुणाच्या गाडीत बसवलेला असेल तर त्याला चहा पाजा आणि साठच्या वेगाने एक चक्कर मारा.

आता तपकीर गल्ली. बुधवार पेठेतल्या या गल्लीत वायर, बल्ब, अँप्लिफायर, स्पीकर सगळं मिळतं, आणि शनिवारी संध्याकाळी तिथे शिरणाऱ्याला बाहेर पडायला तेवढाच वेळ लागतो. नातू आणि आम्ही तिथेही फिरलो, नाना पेठेकडच्या गाडीसामानाच्या दुकानांतही फिरलो. एका खोक्यावर लिहिलं होतं ३००० वॅट. दुसऱ्यावर ५०००. किंमत सहा हजार! नातू हरखला. आम्हाला मात्र शब्दप्रमाण आठवलं. शब्द प्रमाण मानायचा, पण कुणाचा? जो आप्त आहे, म्हणजे ज्याला वस्तू नीट माहीत आहे आणि ती आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, त्याचा. खोक्याच्या छपाईला या दोन्ही अटी लागू पडतात का, हे तुम्हीच ठरवा.

सुदैवाने अनुमानाला जागा आहे. पर्वतावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, हे आपण पिढ्यानपिढ्या घोकलं. तसं इथे फ्यूज दिसला तर वॅट कळतात. अँप्लिफायरच्या कडेला फ्यूज असतो, त्यावर आकडा असतो. समजा २५ अँपिअर. गाडी चालू असताना व्होल्टेज साधारण साडेतेरा. २५ गुणिले साडेतेरा म्हणजे सुमारे ३३७ वॅट, एवढी वीज तो जास्तीत जास्त सलग ओढू शकतो. त्यातली काही उष्णतेत जाते. क्लास डी जातीचा अँप्लिफायर असेल तर सुमारे ऐंशी टक्के आवाजाकडे पोचते, जुन्या एबी जातीचा असेल तर पन्नास-साठ. म्हणजे हा अँप्लिफायर फार तर २७० वॅटचा. खोक्यावर ३००० लिहिलेलं असेल तर एवढा मोठा अग्नी आणि एवढासा धूर, असं झालं. व्याप्ती जुळत नाही.

खोक्यावर दोन आकडे असतील तर 'आरएमएस' शेजारचा धरा, 'पीक' किंवा 'मॅक्स' शेजारचा सोडून द्या. अमेरिकेत २००३ साली या उद्योगाने एक मापनपद्धत ठरवली, तिचं नाव सीईए २००६. चार ओहमच्या भारावर, १४.४ व्होल्टला, एक टक्क्याहून कमी विकृती ठेवून जी सलग शक्ती मिळते तीच लिहायची. माहितीपत्रकात हे नाव दिसलं तर तो आकडा आप्ताचा समजायला हरकत नाही.

आणि वॅटमागे इतकं धावायचं कारणही नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे शक्ती दहापट. याउलट स्पीकरची 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा एक आकडा असतो, एका वॅटला तो किती डेसिबल देतो याचा. ८४ ऐवजी ८७ चा स्पीकर घेतला तर अँप्लिफायर दुप्पट केल्याचा फायदा फुकटात मिळतो. हा आकडा कुणी विचारत नाही. दुकानदाराला आम्ही विचारला तेव्हा त्याने आधी आमच्याकडे, मग आमच्या काठीकडे पाहिलं. पण पत्रक शोधून दिलं हो, खोटं कशाला बोलायचं.

आता पेटी. सबवूफर म्हणजे नुसता स्पीकर नव्हे, स्पीकर अधिक पेटी. पेटी दोन तऱ्हेची. एक पूर्ण बंद, दुसरी भोक असलेली, तिला पोर्टेड म्हणतात. पोर्टेड पेटी तेवढ्याच शक्तीत जास्त आवाज देते, म्हणून दुकानात तीच वाजवतात. पण ती मोठी असते. बारा इंची स्पीकरला बंद पेटी साधारण २८ लिटरची चालते, पोर्टेडला त्याच्या दुप्पट लागते. लहान हॅचबॅकची डिकी अडीचशे-तीनशे लिटरची. कागदावर बसते, पण वॉकर, पाण्याचा कॅन आणि आंब्याची पेटी यांच्यासह बसत नाही.

बंद पेटीच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि आम्हाला ते फार आवडलं. आपले न्याय-वैशेषिक विचारवंत ध्वनी कसा पसरतो याची दोन चित्रं देत. एक वीचीतरंगन्याय, पाण्यावर लाटेमागून लाट जावी तसा. दुसरं कदंबमुकुलन्याय, कदंबाच्या गोल कळीला सगळ्या बाजूंनी एकदम तुरे फुटावेत तसा. वरचे स्वर दिशा धरून जातात, त्यांचा स्पीकर कुठे आहे हे कानाला कळतं. खर्ज मात्र कदंबासारखा. ५० हर्ट्झची एक लाट सुमारे सात मीटर लांब असते, तुमची आख्खी हॅचबॅक चार मीटरहून कमी. लाट गाडीत मावतच नाही! साधारण सत्तर हर्ट्झच्या खाली काय होतं, तर लाट धावण्याऐवजी आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम कमीजास्त होतो, भात्यासारखा. त्यामुळे बंद गाडीत जसजसं खाली जावं तसतसा खर्ज आपोआप वाढतो. बंद पेटीचा आवाज साधारण तेवढ्याच उताराने खाली घसरत जातो. एकाचा चढ, दुसऱ्याचा उतार, दोन्ही मिळून बऱ्यापैकी सपाट. पोर्टेड पेटी तिच्या पोर्टच्या खाली दुप्पट उताराने कोसळते आणि तिच्या थोडं वर घुमते. डग्ग्याची प्रत्येक घिस्सा एकाच सुरात 'भुम्' करू लागली तर ओळखावं, की ही पेटीची घूम आहे, तबलजीची नव्हे.

सेडानवाल्यांसाठी एक वाक्य. तुमची डिकी आणि बसायची जागा यांच्यामध्ये सीट आणि पत्रा आहे, तेव्हा मागची सीट दुमडती असेल किंवा मध्ये हात टेकायची खिडकी असेल तर तिचा उपयोग करा, नाहीतर निम्मा खर्ज डिकीलाच ऐकवाल.

पंधरा हजारांत मार्ग तीन. सीटखाली सरकवायचा चपटा, आत अँप्लिफायर असलेला सबवूफर. आम्ही फिरलो तेव्हा याचे भाव आठ ते बारा हजार सांगितले. जागा शून्य, बसवायला सोपा, पण आठ इंची आणि उथळ असल्याने फार खाली जात नाही. भावगीत, ख्याल, बातम्या एवढंच ऐकणाऱ्याने डोळे मिटून हाच घ्यावा. दुसरा मार्ग बेसट्यूब, ती लांबट नळी. तिच्याबद्दल आम्ही जास्त बोलणार नाही, बहुतेक पोर्टेड असतात आणि डिकीत लोळतात. तिसरा, स्पीकर वेगळा, पेटी वेगळी, अँप्लिफायर वेगळा. नातवाने तिसरा धरला. दहा इंची स्पीकर चार हजार, सुताराकडून १८ मिलिमीटर एमडीएफची बंद पेटी बावीसशे, एकाच चॅनेलचा क्लास डी अँप्लिफायर पाच हजार, वायर-फ्यूज अठराशे, बसवणावळ एक हजार. झाले चौदा हजार. पेटी कोपऱ्यात पट्ट्याने बांधली. पट्टा विसरू नका, अचानक ब्रेक लागला तर बारा-पंधरा किलोची पेटी पुढे येते. वॉकर तिच्या शेजारी आडवा बसतो.

वायरवर मात्र आम्ही थांबणार आहोत, कारण इथे आमचा हात पोळलेला आहे, अगदी शब्दशः. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या जुन्या गाडीत आम्हीही असंच काहीतरी बसवून घेतलं होतं. कुठे, ते राहू दे. इंजिनाकडून आत येणारी वायर पत्र्याच्या उघड्या भोकातून ओढलेली, भोकाला रबर नाही, बॅटरीजवळ फ्यूज नाही. दोन वर्षं पत्र्यावर घासून वायरचं आवरण गेलं. खंबाटकी घाटात जळका वास आला, धूर आला, आणि मागच्या सीटवर तेव्हा चार वर्षांचा हाच नातू झोपलेला. बॅटरीची तार उपटेपर्यंत जे दोन मिनिटं गेली ती आम्हाला अजून आठवतात. तळहातावरचा डाग अजून आहे. अँप्लिफायरवरचा फ्यूज तेव्हा शाबूत होता, हे लक्षात घ्या. तो अँप्लिफायरला वाचवतो. वायरला वाचवणारा फ्यूज बॅटरीपासून फार तर ४५ सेंटिमीटरवर लागतो, कारण त्याच्या पुढे वायर कुठेही पत्र्याला टेकली तरी तो उडतो. हा फ्यूज साठ-सत्तर रुपयांचा, त्याची डबी शे-दोनशेची. पैसे कमी पडले तर स्पीकर लहान घ्या. हा खर्च कापू नका.

वायर तांब्याची घ्या. बाजारात अ‍ॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास मिळते, दिसते जाडजूड आणि लालचुटूक. अ‍ॅल्युमिनिअम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहतं. ओळखायची कशी? ब्लेडने एक तार खरवडा. आत चांदीसारखी पांढरी निघाली तर मुलामा. तीस अँपिअरसाठी तांब्याची आठ गेज, म्हणजे सुमारे आठ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. मुलाम्याची घ्यायचीच झाली तर चार गेज घ्या. ग्राउंडची वायर तेवढीच जाड, पण आखूड, आणि जिथे लावायची तिथला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट. गाडीच्या मूळ वायरी कापू देऊ नका. त्या त्या गाडीसाठी जोडणारे तयार कपलर मिळतात, ते वापरा, म्हणजे पुढे वॉरंटीचा वाद निघत नाही. आणि लहान गाडीचा अल्टरनेटर साधारण साठ ते नव्वद अँपिअरचा असतो, त्यातून एसी, दिवे, वायपर सगळं चालतं. म्हणून तीनशे खऱ्या वॅटच्या वर लहान गाडीत जाऊच नये, असं आमचं मत आहे.

बसवल्यावर अर्धा तास जुळवणीला द्या. 'गेन' हे आवाज वाढवायचं बटण नाही. मुख्य स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवा, गेन शून्यापासून हळूहळू वाढवा, आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या, आणि मग त्याला हात लावू नका. 'लो पास' ऐंशीवर ठेवा. फेजची कळ दोन्हीकडे करून बघा, पुढच्या सीटवर जिकडे डग्गा भरीव वाटेल तिकडे ठेवा. नातवाने ही परीक्षा त्याच्या इलेक्ट्रॉनिक गाण्यावर केली, आजीने एका जुन्या ख्यालावर. दोघांची कळ एकाच बाजूला आली!

पण सगळ्या ध्वनिमुद्रणांना हे लागू नाही. १९२५च्या सुमाराला विजेवर मुद्रण सुरू होण्याआधी गायक भोंग्यात तोंड घालून गात. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्या तशाच. त्यात खर्ज मुद्रितच झालेला नाही. तिथे सबवूफर वाढवून फक्त तबकडीची घरघर वाढते.

आता शेजारी. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. विसर्जन मिरवणुकीत सीओईपीचे विद्यार्थी दरवर्षी लक्ष्मी रस्त्यावर चौकाचौकांत आवाज मोजतात, त्याचे आकडे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. पण हे सगळे आकडे 'ए' मापनाचे, म्हणजे मानवी कानाच्या कलाने मोजलेले. त्यात ५० हर्ट्झच्या ध्वनीतून तब्बल ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे काय, की तळमजल्यावरच्या आजोबांच्या खिडकीची काच थरथरते आणि मीटर म्हणतो सगळं ठीक आहे. मीटरही आप्त आहे, पण त्याला जे विचारलं त्यापुरताच. खर्ज भिंत सहज ओलांडतो, काचा वर केल्या तरी. म्हणून आमच्या घरी नियम केला, की सोसायटीच्या फाटकाशी सबवूफर बंद. स्टिरिओच्या पडद्यावर त्याची वेगळी पट्टी असते, एका बोटाचं काम. आणि स्वतःच्या कानांसाठी, जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, वर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. आमच्यासारख्यांचे वरचे स्वर वयाने गेलेच आहेत, डाव्या कानात यंत्र आहे. खर्ज तेवढा शाबूत राहिलाय, तो आम्हाला जपायचाय.

(श्रोत्यांतून प्रश्न : आमची सीएनजी गाडी आहे. डिकीत सिलिंडर आहे. काय करायचं?)

हा पुण्यात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. सीटखालचा चपटा सबवूफर घ्या, विषय संपला. सिलिंडरच्या पट्ट्यांना, त्याच्या नळीला किंवा व्हॉल्व्हच्या आवरणाला टेकून पेटी, अँप्लिफायर, वायर काहीही बसवू देऊ नका, फिटर कितीही म्हणाला तरी. दोन लहान सिलिंडर खाली बसवून डिकी मोकळी ठेवणाऱ्या गाड्या आता आल्या आहेत, टाटांची अल्ट्रोझ २०२३ मध्ये तशी आली. तिथेही तळाला स्क्रू मारण्याआधी खाली काय आहे ते बघा.

(प्रश्न : बसवल्यापासून मागून खडखड येते. स्पीकर खराब आहे का?)

नाही हो. आमच्याकडेही आली. नातू स्पीकर परत करायला निघाला होता. आजीने मागे उभं राहून एका ठिकाणी बोट दाबलं आणि खडखड थांबली. नंबरप्लेट होती. मागे फोमची पट्टी लावली, तीस रुपयांची.